डास चावणार हे माहीत असताना : छोट्या ॲनिमेशनमधल्या ताणाचा इतिहास

विज्ञान दिन जवळ आला की आपल्या विभागांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "तुझ्या विषयावर एखादं छोटं ॲनिमेशन करशील का? दीड मिनिटाचं चालेल." हल्ली परिषदेत पोस्टरशेजारी लावायला, मुलाखतीत दाखवायला, अहवालासोबत जोडायलाही असं काहीतरी मागतात. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर हा प्रश्न तुमच्याकडेही येणार, हे धरून चाला. आणि मग बहुतेक जण करतात तेच तुम्हीही कराल: एक रेणू डावीकडून येतो, रिसेप्टरला चिकटतो, लाल बाण, निळा बाण, धन्यवाद.

यातली चित्रं वाईट नसतात. पुढे काय होणार याची बघणाऱ्याला काही पडलेली नसते, एवढंच. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो: शेवट लपव, म्हणजे सस्पेन्स येईल. हा सल्ला मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायला आपल्याला १९१२ सालात जावं लागेल, कारण ताण कसा उभा करायचा हे ॲनिमेशनवाल्यांना अगदी सुरुवातीलाच कळलं होतं, आणि तेही शेवट न लपवता. मी चित्रपटाची अभ्यासक नाही, सूक्ष्मजीवशास्त्राची आहे. त्यामुळे या फिल्म्सकडे मी जशी प्रयोगाच्या आराखड्याकडे बघते तशीच बघणार आहे.

तर १९१२. न्यूयॉर्कमध्ये विन्सर मकाय नावाचा वर्तमानपत्रातला चित्रकार एक फिल्म करतो, 'हाऊ अ मॉस्किटो ऑपरेट्स'. साधारण सहा मिनिटांची. एक माणूस इकडेतिकडे बघत, जरा बिचकतच आपल्या खोलीत शिरतो. त्याच्या मागोमाग दारावरच्या झडपेतून एक भलामोठा डास आत येतो. डोक्यावर उंच टोपी, हातात बॅग. माणूस झोपतो. डास बॅगेतून हत्यार काढून आपली सोंड परजतो, टोचतो, पितो. माणूस झोपेतच हात झटकतो, डास बाजूला होतो, परत येतो. प्रत्येक वेळी पोट थोडं आणखी फुगतं. शेवटी इतकं फुगतं की डास फुटतो.

(टोपीवाला सद्गृहस्थ दिसतो, पण रक्त पिते ती मादी. प्राणिशास्त्रवाल्यांनी एवढं पोटात घालावं.)

आता या फिल्ममध्ये लपवलेलं काय आहे? काहीही नाही. डास आहे हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक आहे, त्याला काय हवंय हेही ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही तो पलंगावर घोरतोय. ताण या दोन ज्ञानांमधल्या अंतरातून येतो. पुढे अर्ध्या शतकाने हिचकॉकने त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं, ते तुम्ही कुठेतरी वाचलं असेल: बॉम्ब एकदम फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो, पण बॉम्ब आहे हे त्याला आधी सांगितलं तर तो पंधरा मिनिटं खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. मकायने हेच डासावर करून दाखवलं होतं. शिवाय त्याने एक गोष्ट जास्तीची केली, ती मला फार आवडते. त्याने मोजमापाचं उपकरण चित्रातच ठेवलं: डासाचं पोट. पोट किती फुगलंय ते बघून आपण मनात हिशोब करत राहतो, आता अजून किती?

या फिल्मसाठी साधारण ६,००० चित्रं काढली असं सांगतात. आकडा दिसला की भागाकार करून बघायची सवय लावून घ्या. सहा मिनिटांना ६,००० म्हणजे मिनिटाला १,०००, सेकंदाला सोळा-सतरा. मूकपटाच्या काळात फिल्म साधारण सेकंदाला सोळा फ्रेमच्या आसपास चालायची. म्हणजे आकडा बसतो. ही सवय थोड्याच वेळात उपयोगी पडणार आहे.

त्याच वर्षी रशियन साम्राज्यात व्लादिस्लाव स्तारेविच 'द कॅमेरामन्स रिव्हेंज' ही कीटकांची फिल्म करत होता. याची आधीची कथा संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला आपली वाटेल. स्तारेविच कौनास इथल्या संग्रहालयात काम करत होता आणि १९१० च्या सुमारास त्याला शिंगवाल्या भुंग्यांची झुंज चित्रित करायची होती. सरळ निसर्गनिरीक्षण. पण हे भुंगे निशाचर. दिवे लावले की गप्प पडायचे. शेवटी त्याने मेलेले भुंगे घेतले, त्यांना तारेचे पाय लावले आणि एकेक फ्रेम घेत झुंज 'घडवली'. प्रयोग फसला आणि तंत्र हाती लागलं.

'रिव्हेंज'मध्ये त्याने या तंत्राचा वापर गोष्टीसाठी केला. भुंगा बायकोला फसवून हॉटेलात जातो. एक नाकतोडा, जो कॅमेरामन आहे, तो हे सगळं कुलपाच्या भोकातून चित्रित करतो. पुढे भुंगा आणि त्याची बायको सिनेमा बघायला जातात, आणि तिथे प्रोजेक्टर चालवणारा कोण? तोच नाकतोडा. भुंगा आरामात बसलाय, बायको शेजारी बसलीय, दिवे मालवतात. त्या रिळात काय आहे हे फक्त आपल्याला आणि नाकतोड्याला ठाऊक आहे. चेहऱ्यावर हावभाव आणता येत नाहीत असे मेलेले कीटक घेऊन हा माणूस प्रेक्षागृहाला श्वास रोखायला लावतो. तेव्हा 'माझ्या विषयात पात्रंच नाहीत हो' ही सबब मी तरी ऐकून घेणार नाही.

आणि साधारण त्याच सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा लावून बसले होते. ठरावीक अंतराने एक-एक फ्रेम, जवळपास महिनाभर. त्यातून मिनिटभराची 'अंकुराची वाढ' तयार झाली, आणि ती दाखवून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं केलं. 'प्रारंभिक निष्कर्ष' दाखवून अनुदान मिळवणं, दुसरं काय! पण तंत्र तेच असलं तरी एक फरक आहे. वाटाण्याने कधी काय करायचं हे वाटाणा ठरवतो. फाळक्यांच्या हातात दोन फ्रेममधलं अंतर होतं, पुढची फ्रेम नव्हती. मकायच्या डासाने किती वेळ थबकायचं, हे मात्र मकायच ठरवत होता. निरीक्षण आणि मांडणी यांच्यातली ही रेघ लक्षात असू द्या.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडी यू-२० ने लुसिटेनिया या ब्रिटिश प्रवासी जहाजावर टॉर्पेडो सोडला. जहाज सुमारे अठरा मिनिटांत बुडालं. जवळपास १,२०० माणसं गेली, त्यात १२८ अमेरिकन होते. बुडतानाचं कुठलंही चित्रीकरण नव्हतं. मकाय तेव्हा हर्स्टच्या वर्तमानपत्रात नोकरीला होता, आणि अमेरिकेने युद्धात पडू नये असं हर्स्टचं धोरण; मकायला त्या धोरणाची व्यंगचित्रं काढावी लागत. त्याने स्वतःच्या पैशाने, फावल्या वेळात, दोन सहकाऱ्यांना घेऊन ही घटना चित्रांतून उभी करायचं ठरवलं. 'द सिंकिंग ऑफ द लुसिटेनिया' पडद्यावर आली जुलै १९१८ मध्ये. तोवर अमेरिका युद्धात उतरून वर्ष उलटलं होतं.

फिल्म बघा, साधारण बारा मिनिटांची आहे, सहज सापडते. पहिल्यांदा बघताना मी एकच प्रश्न मनात धरला होता: शेवट शीर्षकातच सांगितलाय, तर ताण येणार कुठून? आणि तो येतो. जहाज न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरून संथपणे निघून जातं. मग बराच वेळ समुद्र. मग पाण्यातून पाणबुडी सरकते. 'काय होणार' हा प्रश्न शीर्षकाने काढून घेतलेला असतो. उरतो तो 'कधी'. टॉर्पेडो लागल्यावर धुराचे लोट इतके वाढतात की अख्खा पडदा झाकून जातो, आणि धुराआड काय चाललंय हे आपण स्वतःच्या मनाने भरून काढतो. मग जहाज कलायला लागतं. हळूहळू. माणसं ठिपक्यांएवढी, दोरांवरून घसरणारी. मकाय त्या कलण्याला घाई करत नाही, आणि हे लक्षात घ्या की ॲनिमेशनमध्ये न घाई करणं फार महाग पडतं. कॅमेरा चालू ठेवून वाट बघत बसता येत नाही; वाट बघण्याचा प्रत्येक सेकंद कुणीतरी काढावा लागतो. यासाठीच या फिल्मवर त्यांनी सेल, म्हणजे पारदर्शक पत्रे वापरले. आधीच्या 'गर्टी' या डायनोसोरच्या फिल्ममध्ये मागचे डोंगर-झाडं प्रत्येक कागदावर पुन्हा काढावी लागली होती. इथे लाटांचं सोळा चित्रांचं एक चक्र केलं आणि ते पुन्हापुन्हा वापरलं. समुद्र फुकटात हलत राहिला, म्हणून जहाजाला सावकाश बुडता आलं.

फिल्मच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये मोठ्या अभिमानाने सांगितलंय की यासाठी २५,००० चित्रं काढली. करा भागाकार. बारा मिनिटं, सेकंदाला सोळा फ्रेम, म्हणजे सगळ्या मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास फ्रेम. त्यातही मकाय स्वतः दिसतो तो भाग आणि मजकुराच्या पाट्या वजा करायच्या. मग २५,००० कुठून आली? पत्र्यांचे थर वेगवेगळे मोजले तर, जहाज एक, धूर दोन, माणसं तीन, आकडा त्या दिशेला जाऊ शकतो. पण लाटा तर सोळाच होत्या. माझं मत विचाराल तर हा आकडा जाहिरातीचा आहे असं समजूनच वाचावा. पुस्तकांपासून संकेतस्थळांपर्यंत तो जसाच्या तसा उतरवलेला दिसतो, आणि मूळ स्रोत कोण? फिल्म स्वतः! वाङ्मयाचा आढावा लिहाल तेव्हा असे आकडे तुम्हाला पावलोपावली भेटतील: वीस पेपर एकमेकांना उद्धृत करतात आणि मुळाशी एकाच माणसाची एक ओळ असते.

आकड्याचं एक वेळ सोडून देऊ. जास्त अवघड प्रश्न वेगळा आहे. ही फिल्म स्वतःला या घटनेची नोंद म्हणवून घेते, आणि ती बघताना नोंदच वाटते, कारण ती वर्तमानपत्री, वास्तवदर्शी शैलीत काढलीय. पण तिच्यातला प्रत्येक क्षण कुणीतरी ठरवलेला आहे. शेवटी पाण्यात बाळाला वर धरून बुडणारी आई येते, आणि मग शत्रूचा द्वेष करायला सांगणारी पाटी. बारा मिनिटं तुमचा श्वास कोंडून ठेवायचा आणि सोडताना तो कुणाच्या दिशेने सोडायचा हेही सांगायचं. फिल्ममध्ये दुसरा स्फोट आहे. दुसरा स्फोट प्रत्यक्षातही झाला होता, पण टॉर्पेडो एकच सोडला होता. युद्धकाळातल्या ब्रिटिश चौकशीने मात्र टॉर्पेडो दोन असल्याचा निष्कर्ष काढला होता. जहाजात रायफलींच्या काडतुसांचा मोठा साठाही होता. असले तपशील ताणाच्या मांडणीत बसत नाहीत. ते आले की बघणारा विचार करायला लागतो, आणि ताण ढिला पडतो.

म्हणून मला ही फिल्म एकाच वेळी शिकण्यासारखी आणि घाबरण्यासारखी वाटते. हजारभर माणसं खरोखर मेली होती, राग खोटा नव्हता, कारागिरी तर अफाट. तरीही 'कधी काय कळू द्यायचं' हे ज्याच्या हातात असतं, त्याच्या हातात पुरावाही असतो. आपलं ॲनिमेशन प्रचारासाठी नसतं, हे खरं. पण अनुदानासाठी असतं ना?

पुढच्या वीस वर्षांचा इतिहास मी झरझर सांगते, कारण तो तुलनेने सगळ्यांना माहीत आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत चित्रं भिंतीवर ओळीने टाचून गोष्ट बघायची पद्धत रूढ झाली. त्यालाच आपण स्टोरीबोर्ड म्हणतो. याचा फायदा सुबक चित्रं हा नव्हे. फायदा असा की टाचणी काढून कागद इकडचा तिकडे करता येतो, म्हणजे माहितीचा क्रम बदलून बघता येतो, तेही एक फ्रेमसुद्धा रंगवण्याआधी. पुढे ही कच्ची चित्रंच आवाजाबरोबर फिल्मवर घेऊन वेळ तपासायला लागले. 'स्नो व्हाइट'मध्ये (१९३७) सफरचंदाचा घास घेताना ती दिसतच नाही; खाली पडलेला हात आणि घरंगळणारं सफरचंद दिसतं. असला निर्णय भिंतीवरच होतो. आपल्याकडे १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि 'द बनियन डीअर' (१९५७) ही जातककथेवरची फिल्म तयार झाली. तिथे उमेदवारी केलेल्यांपैकी राम मोहन हे रसायनशास्त्र शिकून आलेले. प्रयोगशाळेतून या बाजूला येणारे आपण पहिले नाही.

थोडं थांबायला हवं ते १९५३ च्या 'द टेल-टेल हार्ट'पाशी. यूपीए स्टुडिओ, दिग्दर्शक टेड पार्मली, चित्ररचना पॉल ज्युलियन, निवेदन जेम्स मेसनचं. पो यांच्या कथेवरची आठेक मिनिटांची फिल्म. ब्रिटनमध्ये तिला 'एक्स' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. कार्टूनला असं पहिल्यांदाच. इतकं घाबरवणाऱ्या या फिल्ममध्ये हालचाल फारच थोडी आहे. रंगवलेल्या स्थिर चित्रांवरून कॅमेरा सरकतो, एक चित्र दुसऱ्यात विरघळतं, सावल्या लांबतात. खुनी सांगत असतो, पण आपण त्याच्याच डोळ्यांनी बघत असतो. तो दिसतो ते बहुतेक सावलीतून किंवा हातांतून. पोलीस येऊन बसतात. फरशीच्या फळ्यांखाली काय आहे ते आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. परत तोच डास, तोच झोपलेला माणूस. फरक इतकाच की या वेळी आपल्याला डासाच्या बाजूला बसवलंय.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत, वेळ नाही आणि चित्रकलेचा हातही नाही, अशा आपल्यासारख्यांना ही फिल्म म्हणजे दिलासा आहे. दीड मिनिटाचं ॲनिमेशन सेकंदाला २४ फ्रेम धरून २,१६० फ्रेमचं होतं. एक चित्र दोन फ्रेमना वापरलं तरी १,०८० चित्रं. हे एकट्याने, थीसिस सांभाळून, होत नाही. पण चांगली ठरवलेली पंचवीस-तीस स्थिर चित्रं आणि त्यांच्यामधल्या नेमक्या वेळा, हे होतं.

माझ्या विषयावर हे लावून दाखवते. मी बॅक्टेरिओफेजवर काम करते, म्हणजे जीवाणूंना मारणारे विषाणू. टी-४ फेज जीवाणूवर बसतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि त्यानंतर सुमारे पंचवीस मिनिटं बाहेरून काहीही दिसत नाही. मग जीवाणू फुटतो, शंभरावर नवे फेज बाहेर. एलिस आणि डेलब्रुक यांनी १९३९ मध्ये जो प्रयोग मांडला, त्यातल्या आलेखात हा सपाट भाग स्पष्ट दिसतो. त्याला सुप्तकाल म्हणतात. नेहमीच्या ॲनिमेशनमध्ये हा सपाट भाग उडवून देतात आणि बसणे, सोडणे, फुटणे असं तीन झटक्यांत उरकतात. म्हणजे नेमका टेबलाखालचा बॉम्बच कापून टाकतात!

माझी मांडणी अशी आहे. पहिल्या पंधरा सेकंदांत सगळं सांगून टाकायचं: हा फेज, हा जीवाणू, हा पंचवीस मिनिटांत फुटणार. कोपऱ्यात एक घड्याळ, मकायच्या पोटासारखं. डीएनए आत गेला की कॅमेरा बाहेर येतो आणि पुढची चाळीस सेकंदं बाहेरच राहतो. जीवाणू तसाच, शेजारी निरोगी जीवाणू विभागला जातोय, एकाचे दोन झाले, आपला मात्र तसाच. घड्याळ पुढे. एकदाच, तीन सेकंदांसाठी आत डोकवायचं: शेपट्या, डोकी, अर्धवट जुळलेले भाग. परत बाहेर, परत शांतता. फुटण्याचा क्षण दाखवायचा की सफरचंदासारखा बाजूला ठेवायचा, हे अजून भिंतीवर आहे. त्या चौकटीचा कागद मी आतापर्यंत तीनदा हलवलाय.

काही गोष्टी ठरवून बाहेर ठेवल्या आहेत. जीवाणूला डोळे नाहीत, घाबरलेला चेहरा नाही. हृदयाच्या ठोक्यांसारखं संगीत नाही, कारण तिथे ठोका देणारं काहीच नाही. पंचवीस मिनिटं चाळीस सेकंदांत दाबली आहेत हे घड्याळाशेजारी लिहिलेलं राहील. आणि शेजारच्या जीवाणूचं विभाजन त्याच मापात दिसायला हवं, म्हणजे चांगल्या माध्यमात साधारण वीस मिनिटांनी एकदा. पहिल्या मसुद्यात नाट्य वाढावं म्हणून तो तीनदा विभागावा असा एका मित्राचा आग्रह होता. दिसलं छान असतं. पण तीन वेळा म्हणजे तासभर, आणि तासाभरात आमचा जीवाणू केव्हाच फुटलेला असतो.